रूथचा सरवा, यमुनेचा प्रवास आणि आपला उंबरठा

(अभ्यासपाठ. घरी सर्वांनी मिळून वाचावे : रूथ, अध्याय १ ते ४)





मागे युवक-युवतींच्या सभेत एका मुलीने आम्हांला विचारले, "फादर, प्रेमाच्या कादंबऱ्या वाचणे पाप आहे का?" बाकीची मुले हसली. मागे बसलेल्या दोन-तीन आया मात्र हसल्या नाहीत. त्या आमच्या उत्तराची वाट पाहत होत्या. "कोणती कादंबरी आणि ती कशी वाचता, यावर अवलंबून आहे," असे सांगून आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. घरी आल्यावर वाटले, हे काही उत्तर झाले नाही. प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून आजचा पाठ त्या मुलीसाठी, तिच्या आईसाठी आणि शेवटी आमच्यासाठीही आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ख्रिस्तसभा कथा-कादंबऱ्यांच्या विरोधात नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनाविषयी एक स्वतंत्र पत्र लिहिले. भावी धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी ते लिहायला घेतले होते, पण हा विषय प्रत्येक ख्रिस्ती माणसाचा आहे असे त्यांनी त्यात म्हटले. तरुणपणी अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघीय शाळेत ते स्वतः साहित्य शिकवीत असत. आणि फार दूर कशाला जायचे? जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारी धाराशिवला (तेव्हाचे उस्मानाबाद) ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मराठी पुस्तक आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे वैर नाही, हे आपल्या मराठवाड्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रश्न वाचावे की नाही हा नाही. ख्रिस्ती प्रेमकथा म्हणजे काय आणि ती ओळखायची कशी, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर आपल्याला पवित्र शास्त्रातच मिळते.

१. बेथलेहेमची प्रेमकथा

रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. लेखक सुरुवातीलाच सांगतो की ही गोष्ट शास्त्यांच्या काळातली आहे. चौथ्या अध्यायात पायतण काढून देण्याची चाल आली, की तो थांबून समजावतो की पूर्वी इस्राएलात अशी रीत होती. म्हणजे लिहिणारा आपल्या काळातील लोकांना जुन्या काळची हकीकत सांगत आहे. आजच्या भाषेत याला ऐतिहासिक प्रेमकथा म्हणता येईल.

कथेची सुरुवात आपल्या ओळखीची आहे. दुष्काळ पडतो आणि एक कुटुंब गाव सोडून परमुलखात जाते. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना नामीचे घर परके वाटणार नाही. मवाबात नामीचा नवरा जातो, मग दोन्ही मुलगे जातात. एका घरात तीन विधवा उरतात. मोठे गाव, मोठा राजा, मोठी लढाई या कथेत नाही. तीन बायका रस्त्यात उभ्या आहेत आणि त्यांच्यामागे कोणी नाही.

सून रूथ सासूला सोडत नाही. ती बेथलेहेमला येते आणि सातूच्या कापणीत सरवा वेचायला जाते. सरवा म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. खळे झाल्यावर रानात राहिलेली कणसे, शेंगा वेचून आणणाऱ्या आजीबाई आपण पाहिल्या आहेत. पण इस्राएलात सरवा ही मालकाची दया नव्हती. शेताचे कोपरे कापू नयेत आणि पडलेले दाणे उचलू नयेत, ते गरिबांचे व परक्यांचे आहेत, असा मोशेच्या नियमशास्त्रातला नियम होता (लेवीय १९ व २३, अनुवाद २४). रूथ भीक मागायला गेली नव्हती, हक्काचे वेचायला गेली होती.

शेताचा मालक बवाज तिला पाहतो. तो प्रथम काय करतो? गड्यांना ताकीद देतो की या बाईला कोणी त्रास द्यायचा नाही. तहान लागली तर पाणी प्यायला सांगतो. जेवताना शेजारी बसवतो. पेंढीतली कणसे मुद्दाम मागे सोडायला सांगतो. आधी तिची सुरक्षितता, मग पाणी, मग अन्न. प्रेमाची भाषा फार पुढे येते.

मग खळ्यावरची ती रात्र येते. रूथ येऊन त्याच्या पायांशी निजते आणि त्याने आपल्याला आश्रय द्यावा, असे सांगते. स्वस्त कादंबरी इथेच संपली असती. बवाज मात्र म्हणतो की माझ्याहून जवळचा एक नातलग आहे, त्याचा हक्क आधी पाहिला पाहिजे. सकाळ होताच तो गावाच्या वेशीवर जाऊन बसतो. दहा वडीलधारी माणसे बोलावतो. सर्वांसमोर नामीच्या जमिनीचा आणि रूथच्या भविष्याचा निकाल लावतो. जवळच्या नातलगाला जमीन हवी असते, पण रूथचाही स्वीकार करावा लागेल हे कळताच तो माघार घेतो. मग बवाज दोन्ही स्वीकारतो.

रात्री खळ्यावर दिलेला शब्द बवाजने सकाळी वेशीवर पाळला. ख्रिस्ती प्रेमकथेची पहिली खूण हीच आहे.

अशा सोडवणूक करणाऱ्या नातलगाला हिब्रू भाषेत 'गोएल' म्हणतात. गरिबीमुळे गेलेली जमीन जो परत सोडवून आणतो, गुलाम झालेल्या भावाला जो मोकळा करतो, तो गोएल. पुढे यशया संदेष्टा हाच शब्द परमेश्वरासाठी वापरतो. आपल्या मराठीतही 'तारण' हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो, चर्चमध्ये आणि बँकेत. ज्याने कधी तारण ठेवलेले शेत वा दागिना सोडवून आणला आहे, त्याला ख्रिस्ताने आपले तारण केले याचा अर्थ लवकर कळेल. तारण ही नुसती भावना नाही. कोणीतरी किंमत मोजते आणि गेलेले माणसाला परत मिळते.

रूथचा मुलगा ओबेद, त्याचा नातू दावीद, आणि त्याच वंशात पुढे आपला प्रभू. मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात रूथचे नाव मुद्दाम घेतो. एका परदेशी विधवेच्या पुनर्विवाहातून तारणाची वंशावळ पुढे गेली, हे आपण विसरू नये.

२. मराठीतली यमुना

आता मराठीकडे येऊ. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ज्या पुस्तकाचे नाव घेतले जाते, ते एका ख्रिस्ती लेखकाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावला झाला. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ साली 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. ते प्रॉटेस्टंट होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीच्या आदेशात शिकवले की, विभक्त झालेल्या बंधूंमध्ये जे खरे ख्रिस्ती धन आहे ते आपण आनंदाने मान्य करावे. त्याच वृत्तीने आपण हे पुस्तक हाती घेऊ.

यमुना आणि विनायक हे तरुण जोडपे प्रवासाला निघते. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, दोघे एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात, आणि त्या काळी हेच नवीन होते. वाटेत त्यांना ठिकठिकाणी विधवा भेटतात. कोणाचे केस काढलेले, कोणी घरातच कैद, कोणाला फसवलेले. यमुना ऐकत जाते. पुढे विनायक मरण पावतो, आणि जे दुःख ती इतरांच्या घरी पाहत आली ते तिच्याच वाट्याला येते. अखेर ती उघडपणे ख्रिस्ताचा स्वीकार करते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह करते.

हे पुस्तक आले त्याच्या आदल्या वर्षी, १८५६ साली, विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. पण त्याच कायद्यात अशीही तरतूद होती की, पुनर्विवाह केला तर मृत पतीच्या मालमत्तेवरचा विधवेचा हक्क जाईल. शिवाय हा कायदा कंपनी सरकारच्या मुलखापुरता होता. निजामाच्या राज्याला तो बांधील नव्हता, आणि आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच राज्याचा भाग होता. कागदावरचा न्याय असा अर्धा होता, आणि जो होता तोही सगळीकडे पोहोचत नव्हता. अशा वेळी कादंबरी घरात शिरली आणि तिने विचारले, या बाईचा गुन्हा काय?

पुस्तकाच्या पुढच्याच वर्षी, १८५८ साली, पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. त्या १८८२ साली विधवा झाल्या, १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. त्यांनी पुनर्विवाह केला नाही; पुढे केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार मुलीबायकांना आसरा दिला. यमुनेची सुटका नव्या संसारात झाली, रमाबाईंची इतरांसाठी दार उघडण्यात. दोन्ही वाटा देवाच्याच आहेत.

हे पुस्तक निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यात उपदेश फार आहे. शेजाऱ्याच्या धर्माविषयी ते ज्या भाषेत बोलते, ती भाषा १९६५ च्या परिषदेच्या शिकवणुकीनंतर आपण वापरणार नाही. आणि वाचून झाल्यावर एक प्रश्न मनात राहतो. यमुना सुखी झाली, पण वाटेत भेटलेल्या त्या बाकीच्या बायकांचे काय झाले? नायिकेचे लग्न झाले की सर्वांना न्याय मिळाला असे होत नाही. ख्रिस्ती वाचकाने हा प्रश्न प्रत्येक प्रेमकथेला विचारावा. ही दुसरी खूण.

३. भित्रा धर्मगुरू आणि बदललेला दांडगा

तिसरी कथा इटलीची, कॅथलिक लेखक अलेस्सांद्रो मांझोनी यांची. 'वाग्दत्त वधूवर' असे तिच्या नावाचे मराठी करता येईल. ती प्रथम १८२७ साली आली आणि १८४० ते १८४२ मध्ये सुधारून पुन्हा छापली गेली. कथा मात्र १६२८ ते १६३० या काळातली आहे. पोप फ्रान्सिस यांना ती फार प्रिय होती. मे २०१५ मध्ये वाङ्निश्चयाविषयी बोलताना, लग्न ठरलेल्या तरुणांनी ती वाचावी असे त्यांनी सांगितले.

रेन्झो आणि लुचिया या गरीब मुलामुलीचे लग्न ठरले आहे. गावच्या एका दांडग्या सरदाराची लुचियावर वाईट नजर आहे. तो आपली माणसे पाठवून धर्मगुरूला धमकावतो की हे लग्न लावायचे नाही. आणि गावचा धर्मगुरू, डॉन अब्बोंदियो, घाबरतो. तो काही दुष्ट नाही. त्याला फक्त शांतता हवी आहे. तो कारणे सांगतो, नियम काढतो, आज नाही उद्या म्हणतो. त्या एका माणसाच्या भीतीमुळे दोन निरपराध जीव देशोधडीला लागतात.

पुढे एक मोठा गुन्हेगार लुचियाला पळवून आणतो. तिचे रडणे ऐकून त्याला रात्रभर झोप लागत नाही. सकाळी तो कार्डिनल फेदेरिगो बोर्रोमेओ यांच्यापुढे जातो आणि त्यांच्या मिठीत रडतो. मग काय होते? तो केवळ अश्रू ढाळून थांबत नाही. लगेच लुचियाच्या सुटकेची व्यवस्था करतो. पश्चात्ताप खरा आहे की नाही, हे त्या उघडलेल्या दारावरून कळते. ही तिसरी खूण. प्रायश्चित्त संस्कारात आपण पापांची क्षमा मागतो, पण घेतलेले परत करण्याची आणि नुकसान भरून देण्याची जबाबदारीही आपल्यावर असते, ती हीच.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की न्याय म्हणजे ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा. ते पुढे असेही सांगतात की दया न्यायाला मोडीत काढत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते. कर्जदाराला कर्ज माफ करणारा अन्याय करत नाही, कारण तो स्वतःचे देतो. पण दुसऱ्याच्या हक्काचे बुडवून दाखवलेली दया ही दया नव्हे. बवाजला हे कळले होते. त्याने रूथवर माया केली, पण कोणाचाही हक्क न बुडवता.

४. आपल्या दारात

आता आम्हांला स्वतःबद्दल बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती घरी हळदीच्या आदल्या संध्याकाळी प्रार्थनेला गेलो होतो. नवरीची आई विधवा. शिवणकाम करून तिने मुलीला शिकवले होते. पहिली हळद कोणी लावायची यावर कुजबुज झाली आणि मावशीला पुढे केले. आई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभी राहिली. आमचे तिच्याकडे लक्ष गेले. ती हळूच म्हणाली, "राहू द्या फादर, लोक काय म्हणतील." आम्ही राहू दिले. घरगुती बाब आहे असे मनाशी म्हटले, आशीर्वाद दिला, जेवलो आणि निघालो. त्या घरात कोणी दुष्ट नव्हते. पण त्या संध्याकाळी तिथे एक डॉन अब्बोंदियो होता, आणि तो आम्हीच होतो.

यमुनेची गोष्ट इतिहासजमा झाली असे आपल्याला वाटते. पण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला की, नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी व मंगळसूत्र काढणे हे यापुढे करायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. 'यमुनापर्यटन' छापल्यानंतर १६५ वर्षांनी! एका गावाने न्याय वेशीवर आणला. स्नानसंस्कार घेतलेल्या आपण त्यांच्या मागे राहावे काय?

ख्रिस्तसभेची शिकवण स्वच्छ आहे. मृत्यूने विवाहबंधन संपते, आणि विधवा प्रभूमध्ये पुन्हा विवाह करण्यास मोकळी आहे, असे संत पौल सांगतो (१ करिंथ ७). तिने एकटी राहायचे ठरवले तर तोही तिचा सन्माननीय निर्णय आहे. तिला अशुभ मानायला मात्र कुठेच आधार नाही.

न्याय जमिनीचाही आहे. रूथच्या चौथ्या अध्यायात वेशीवर शेताचीच चर्चा झाली होती. आपल्या नांदेड-लातूरकडे शेतकरी नवऱ्याने जीव दिल्यावर मागे राहिलेल्या किती बहिणी सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून हेलपाटे घालतात! आपल्या लोकांनी हे जाणून ठेवावे : १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती पती मृत्युपत्र न करता वारला आणि मुले असतील, तर मालमत्तेचा एक तृतीयांश भाग पत्नीचा असतो आणि उरलेला मुलांचा, मुलगा-मुलगी असा भेद न करता. दिराने दिला तर घ्यायचा असा हा सरवा नाही. तो तिचा हक्क आहे.

५. यापुढे

त्या मुलीला आता आमचे उत्तर असे आहे. बाळ, कादंबरी अवश्य वाच. वाचून झाल्यावर तिला तीन प्रश्न विचार. यातले प्रेम उजेडात, लोकांसमोर, जबाबदारी घेऊन उभे राहते का? नायक-नायिकेच्या सुखात बाकीच्या दुबळ्यांचे काय झाले? ज्याला क्षमा मिळाली त्याने कोंडलेले दार उघडले का? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर त्या पुस्तकात ख्रिस्ताचे नाव एकदाही नसले तरी ते तुला त्याच्या जवळ नेईल. आणि पानोपानी त्याचे नाव असूनही उत्तरे नकारार्थी असतील, तर सावध राहा. तुझ्यासाठी स्थळ येईल तेव्हाही हेच तीन प्रश्न उपयोगी पडतील.

आपल्या धर्मग्रामासाठी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. लग्नाच्या मिस्सेत वधूची किंवा वराची आई विधवा असेल, तर वेदीवरचा दिवा तीच प्रथम लावील आणि मुलाला वा मुलीला तीच वेदीपर्यंत आणील. घरच्या समारंभात तिला मागे ठेवले गेले, तर यावेळी आम्ही गप्प बसणार नाही. आधीच येऊन बोलू. दुसरे, ज्या भगिनींची वारसनोंद अडली आहे त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर कागदपत्रे घेऊन भेटावे. जाणत्या धर्मग्रामस्थांनी त्यांच्यासोबत कचेरीत जायला आपली नावे द्यावीत. बवाजला दहा माणसे मिळाली होती. आपल्याला मिळतील ना?

कुटुंबात व लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी :

१. रूथ २ वाचा. बवाजने रूथसाठी केलेल्या गोष्टी क्रमाने सांगा. त्यांतील दया कोणती, न्याय कोणता?

२. जवळच्या नातलगाने माघार का घेतली? आपण कधी त्याच्यासारखे वागलो आहोत का?

३. आपल्या घरच्या शेवटच्या लग्नात कोण उंबरठ्याच्या मागे उभे होते?

प्रार्थना : हे प्रभो, तू नामीचे रिकामे हात भरलेस. आमच्या घरातील एकाकी भगिनींना तुझा आधार दे. आमच्या प्रेमाला न्यायाची हिंमत दे आणि जिथे आम्ही गप्प राहिलो तिथे आम्हांला क्षमा कर. बंद ठेवलेली दारे आमच्या हातून उघडू दे. आमेन.

तुमचे धर्मगुरू